ऐकू न आलेल्या शब्दाची जागा

२००८ साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या एका रुग्णालयाने मधुमेह असलेल्या एका महिलेला पुढच्या देखभालीसाठी दुसऱ्या केंद्रात पाठवलं. सोबत तिची डिस्चार्ज समरी गेली. डॉक्टरांनी ती बोलून सांगितली होती आणि टाइप झाली होती भारतात. इन्शुलिनचे ८ युनिट द्यायचे होते. कागदावर ८० उमटले. त्या डोसानंतर ती बाई दगावली. डिसेंबर २०१२ मध्ये तिथल्या ज्युरीने कुटुंबाला १४ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. चूक पकडू शकले असते असे वाटेत आणखीही हात होते. पण ती सुरू झाली एका जादा शून्यापासून.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत घरी बसून करता येण्याजोगं काम शोधणाऱ्या कुणालाही मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं नाव कधी ना कधी ऐकायला मिळतं. लोकलच्या डब्यात पत्र्यावर चिकटवलेल्या कागदांपासून मोबाइलवरच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे त्याचं वर्णन ‘घरबसल्या टायपिंग’ असंच केलेलं असतं. हे वर्णन दिशाभूल करणारं आहे. टायपिंग हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. खरं काम कानाचं, शरीरशास्त्राच्या ज्ञानाचं आणि जबाबदारीचं आहे, आणि ऑनलाइन शिकायचं ठरवलं तर नेमकं हेच शिकवणारी जागा शोधावी लागते.

कामाची रीत साधी आहे. अमेरिकेतला डॉक्टर रुग्णाला तपासतो आणि निरीक्षणं, निदान, औषधं, केलेली शस्त्रक्रिया हे सगळं फोनवर किंवा रेकॉर्डरवर बोलून ठेवतो. ती आवाजाची फाइल सर्व्हरवरून इथे येते. ट्रान्सक्रिप्शनिस्ट हेडफोन लावतो, पायाखालच्या फूट पेडलने आवाज थांबवतो, मागे-पुढे करतो आणि ठरलेल्या साच्यात अहवाल तयार करतो. दाखल होतानाची माहिती आणि तपासणी, तज्ज्ञाचा सल्ला, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि डिस्चार्ज समरी हे चार मुख्य प्रकार. मग क्वालिटी विभागातला अनुभवी संपादक तो अहवाल पुन्हा आवाजाशी ताडून पाहतो. मोबदला बहुधा ओळींवर असतो. एक ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरं, हे माप या धंद्यात रूढ आहे. साधी फाइल २४ तासांत परत द्यायची, तातडीची असेल तर काही तासांत. भारताचं घड्याळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा त्यांच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतं. तिथल्या संध्याकाळी बोललेलं इथल्या सकाळी टाइप होतं आणि तिथला डॉक्टर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येण्याआधी कागद तयार असतो. या वेळेच्या फरकावरच हा सगळा व्यवसाय भारतात उभा राहिला.

त्याची सुरुवात १९९०च्या दशकात बंगळूरच्या हेल्थस्क्राइबसारख्या कंपन्यांनी केली. १९९८च्या सुमारास व्ही. रामन कुमार यांची सीबे सिस्टिम्स या क्षेत्रात उतरली आणि २००८ साली तिने अमेरिकेतल्या मेडक्विस्ट या बड्या ट्रान्सक्रिप्शन कंपनीतला फिलिप्सचा मोठा हिस्सा विकत घेतला. भारतीय पाळंमुळं असलेल्या एका कंपनीने अमेरिकी कंपनीला असं पोटात घेणं ही तेव्हा मोठी बातमी होती. पुढे हाच समूह एम-मोडल या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि मार्च २०१४ मध्ये त्याला अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. चढ आणि उतार दोन्ही पंधरा-सोळा वर्षांत आटोपले. आज कोर्सची फी भरणाऱ्याने हा आलेख डोळ्यांसमोर ठेवायला हवा; जाहिरातींत त्याचा फक्त चढता भाग दिसतो.

ठाणे-कल्याण पट्ट्याला हे काम मानवलं याची कारणं इथल्या जगण्यात आहेत. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली तेव्हापासून कारखान्यांसाठी ओळखली जाणारी ठाण्याची वागळे इस्टेट हळूहळू आयटीच्या आणि बॅक-ऑफिसच्या इमारतींनी भरत गेली. खाडीपलीकडे ऐरोली आणि महापे इथे तसेच मोठे पार्क उभे राहिले आणि २००४ साली ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग प्रवाशांसाठी खुला झाल्यावर डोंबिवलीच्या मुलामुलींना ठाण्याला गाडी बदलून तिथे पोचता येऊ लागलं. दुसरं कारण टायपिंग क्लासचं. सरकारी किंवा बँकेची नोकरी हे ध्येय असलेल्या या मध्यमवर्गीय वस्त्यांत दहावीनंतरच्या सुट्टीत टायपिंगच्या क्लासला जाणं हा रिवाजच होता. यंत्राची जागा संगणकाने घेतली तरी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा चालूच राहिल्या. बोटं तयार असलेल्या, पदवी घेतलेल्या आणि लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या कितीतरी बायका इथल्या इमारतींत होत्या.

आणि तिसरं कारण प्रवास. कल्याण ते मुंबई सीएसएमटी ५४ किलोमीटर. ऐन गर्दीच्या वेळी डोंबिवलीला गाडीत शिरणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि जीव गेले. घरून करता येणाऱ्या कामाची ओढ या पट्ट्यात अशी प्रत्येक घराच्या रोजच्या काळजीतून येते.

घरून काम करणंही मात्र सोपं नव्हतं. २००५ नंतरच्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवलीत महावितरणचं भारनियमन रोज तासन्‌तास चालायचं. मुंबई शहर त्यातून सुटलेलं. फाइल ठरलेल्या वेळेत परत द्यायची आणि वीज जायची वेळ मात्र दुसऱ्याने ठरवलेली! इन्व्हर्टर हा तेव्हा घरून काम करणाऱ्याच्या भांडवलाचाच भाग झाला. २०२० साली कोविडच्या टाळेबंदीत ‘वर्क फ्रॉम होम’ सगळ्यांच्या तोंडी आलं. ट्रान्सक्रिप्शनवाले ते त्याआधी कितीतरी वर्षं करत होते.

आता शिकण्याविषयी. नवख्या विद्यार्थ्याला पहिला धक्का बसतो तो उच्चारांचा. अमेरिकेतले सगळे डॉक्टर अमेरिकी वळणाने बोलत नाहीत. भारतीय, फिलिपिनो, अरब, लॅटिन अमेरिकी, चिनी अशा नाना मुळांचे डॉक्टर तिथे काम करतात. कुणी जेवता जेवता बोलतो, कुणी गाडी चालवताना, कुणाच्या मागे वॉर्डातल्या यंत्रांचे आवाज असतात. सराव झालेल्या माणसालाही दहा मिनिटांच्या आवाजाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि नवख्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इथे इंग्रजीची धास्ती वाटते, पण वैद्यकीय इंग्रजी हे एका अर्थी सगळ्यांनाच परकं. त्यातले बहुतेक शब्द ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात आणि ते तुकडे इंग्रजी माध्यमवाल्यालाही नव्यानेच शिकावे लागतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑटमी’ म्हणजे छेद, ‘ऑस्टमी’ म्हणजे नवं तोंड करणं. शेवटचे तीन घाईत बोलले की कानाला जवळजवळ सारखे लागतात आणि रुग्णाच्या पोटात मात्र तीन वेगळ्या गोष्टी झालेल्या असतात.

अशा जोड्यांची यादी लांबलचक आहे. इलियम हे खुब्याचं हाड आणि तसंच ऐकू येणारं दुसरं इलियम हा लहान आतड्याचा शेवटचा भाग. फरक फक्त स्पेलिंगातल्या एका अक्षराचा. डिस्फेजियासारख्या ऐकू येणाऱ्या दोन शब्दांपैकी गिळायला त्रास कोणता आणि बोलायला त्रास कोणता, हे मधल्या एका व्यंजनावर ठरतं. हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन, म्हणजे चढलेला आणि उतरलेला रक्तदाब, यांतला भेद पुटपुटणाऱ्या डॉक्टरच्या तोंडात विरघळून जातो. औषधांचं तर विचारूच नये. सेलेब्रेक्स सांधेदुखीवर आणि सेलेक्सा नैराश्यावर. लॅमिक्टल अपस्मारावर आणि लॅमिसिल बुरशीच्या संसर्गावर. हायड्रालाझिन रक्तदाबाचं आणि हायड्रॉक्सिझिन खाजेचं. अशा वेळी कान एकटा पुरत नाही. रुग्णाला झालंय काय, इतर औषधं कोणती, तपासणीचे आकडे काय सांगतात, हे समजलं तरच ऐकलेल्या शब्दाची खातरी पटते. म्हणूनच शरीरशास्त्र, आजार, औषधं आणि प्रयोगशाळेच्या चाचण्या या चार विषयांना ज्या कोर्समध्ये टायपिंगपेक्षा कमी वेळ दिलेला असेल, तो कोर्स घेऊ नये.

आकड्यांचा धडा वेगळाच गिरवावा लागतो. इंग्रजीतले पंधरा आणि पन्नास, तेरा आणि तीस हे फोनवर हमखास एकमेकांत मिसळतात. काळजी घेणारे डॉक्टर म्हणून ‘वन-फाइव्ह’ असं फोडून सांगतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली वैद्यकीय नोंदींत वापरू नयेत अशा संक्षेपांची यादीच लागू केली. त्यात युनिटसाठी नुसतं ‘यू’ अक्षर लिहायला मनाई आहे, कारण ते शून्यासारखं दिसतं आणि ८ चे ८० होतात. पूर्णांकानंतर दशांश चिन्ह देऊन शून्य लिहायलाही बंदी, कारण बिंदू पुसट झाला की १.० चे १० होतात. उलट दशांशाआधीचं शून्य मात्र लिहायलाच हवं. हे नियम घोकंपट्टीचे वाटतात, पण प्रत्येकामागे झालेल्या चुका आहेत.

सगळ्यात अवघड धडा मात्र रिकामी जागा सोडण्याचा. शब्द पुन्हा पुन्हा ऐकूनही कळला नाही, संदर्भावरून खातरी पटली नाही, तर तिथे ब्लँक सोडायचा, आवाजातली वेळ नोंदवायची आणि फाइल क्वालिटीकडे पाठवायची. अंदाजाने शब्द भरायचा नाही. परीक्षेत काहीतरी लिहून आलं की अर्धा गुण तरी मिळतो, या सवयीत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे पचत नाही. रिकामी जागा म्हणजे नापास असं त्याला वाटतं. ओळींवर पैसे मिळत असताना, मुदत डोक्यावर असताना ‘मला हे ऐकू आलं नाही’ असं लिहायला धैर्य लागतं. चांगला शिक्षक पहिल्या महिन्यापासून या धैर्याची सवय लावतो. चुकीच्या शब्दाचे गुण कापतो, प्रामाणिक ब्लँकचे फारच कमी.

ऑनलाइन शिक्षणाची कसोटी इथेच लागते. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ शरीरशास्त्र शिकवू शकतात आणि ते चांगलं शिकवतातही. अमेरिकेच्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचं शरीररचना आणि शरीरक्रियेचं पाठ्यपुस्तक फुकट वाचता येतं. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस हे संकेतस्थळ आजार आणि औषधं सोप्या इंग्रजीत समजावून सांगतं आणि वैद्यकीय शब्दांची फोड करून दाखवणारा धडाही त्यावर आहे. एमटीसॅम्पल्सवर वेगवेगळ्या शाखांचे नमुना अहवाल हजारोंनी वाचायला मिळतात. मेरियम-वेबस्टरच्या वैद्यकीय कोशात उच्चार ऐकता येतात. एक्सप्रेस स्क्राइबसारख्या सॉफ्टवेअरवर आवाजाचा वेग कमी-जास्त करून सराव करता येतो. म्हणजे ज्यासाठी हजारो रुपये फी मागितली जाते, त्यातला बराचसा मजकूर एका मोबाइल रिचार्जच्या खर्चात उपलब्ध आहे.

फी द्यायची ती दोनच गोष्टींसाठी. एक, ओळख पटेल अशी माहिती काढून टाकलेले खऱ्या डॉक्टरांचे भरपूर आवाज, वेगवेगळ्या उच्चारांचे आणि वेगवेगळ्या शाखांचे. दोन, विद्यार्थ्याने केलेली प्रत्येक फाइल आवाजाशी ताडून, चूक कुठे आणि का झाली हे सांगणारा माणूस. आपोआप गुण देणारं सॉफ्टवेअर इथे चालत नाही. ‘तू हाडाचं इलियम लिहिलंस, पण रुग्णाला आतड्याचा अडथळा होता हे वरच्याच ओळीत आलं होतं’ असं सांगणारा कुणीतरी हवा. नाव नोंदवण्याआधी एक तपासलेली फाइल दाखवायला सांगावी. जी संस्था ती दाखवत नाही, तिच्याकडे दाखवण्यासारखं काही नसतं.

जाहिरातींच्या दुनियेत याहून वाईटही घडतं. घरबसल्या टायपिंगच्या नावाने आधी अनामत रक्कम किंवा सॉफ्टवेअरचे पैसे घ्यायचे, मग कधीच पूर्ण होऊ नये इतकी अचूकता मागायची, आणि काम नाकारून वर करारभंगाची नोटीस पाठवून आणखी पैसे उकळायचे, ही फसवणुकीची जुनी रीत आहे. बळी पडतात त्या बहुतेक गृहिणी आणि नुकतेच पदवीधर झालेले. नोटिशीतल्या वकिली भाषेने घाबरून लोक पैसे भरतात. काम देणारा कामगाराकडून पैसे मागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तर यातलं बरंच टळतं. तरीही अडकलं तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावं.

गुप्ततेचा प्रश्न याच्याच शेजारी आहे. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला कराचीहून एक ईमेल आला. ट्रान्सक्रिप्शन करणाऱ्या एका बाईने थकलेले पैसे मिळाले नाहीत तर रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकीन अशी धमकी दिली होती. काम एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे असं उतरत कराचीपर्यंत पोचलं होतं आणि मूळ रुग्णालयाला त्याचा पत्ताच नव्हता. अमेरिकेचा १९९६ चा हिपा कायदा या नोंदींना संरक्षण देतो. भारतातही २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला. घरच्या संगणकावर काम करणाऱ्याला म्हणून हेही शिकावं लागतं: वेगळं लॉगिन, घरच्यांना न दिसणारा पडदा, काम संपल्यावर फाइल न ठेवणं, आणि रुग्णाविषयी कुणाशीही चकार शब्द न बोलणं.

आता तो प्रश्न, जो कोर्सच्या जाहिरातीत नसतो. यंत्र हे सगळं करणार नाही का?

बरंच करतंच आहे. आवाजावरून मजकूर बनवणारी सॉफ्टवेअर या धंद्यात वर्षानुवर्षं आहेत आणि त्यातली आघाडीची कंपनी न्युअन्स २०२२ साली मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेली. आता डॉक्टर आणि रुग्णाचं संभाषण ऐकून थेट नोंद तयार करणारी साधनंही आली. शून्यापासून टाइप करण्याचं काम झपाट्याने आटलं आणि ट्रान्सक्रिप्शनिस्ट बहुतांशी यंत्राच्या मसुद्याचा संपादक झाला. अमेरिकी सरकारचे रोजगाराचे अंदाज या पेशात घटच दाखवतात. हे न सांगता फी घेणारा माणूस विद्यार्थ्याशी प्रामाणिक नाही.

पण आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. २०१८ साली जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात डॉक्टरांनी बोलून केलेल्या २१७ नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राने उतरवलेल्या मजकुरात शंभर शब्दांमागे सातांहून अधिक चुका होत्या. ट्रान्सक्रिप्शनिस्टने तपासल्यावर त्या हजारात चारवर आल्या आणि डॉक्टरांच्या सहीनंतर हजारात तीनवर. म्हणजे चुकांचा जवळजवळ सगळा गाळ काढला तो मधल्या माणसाने. त्यानंतर यंत्रं पुष्कळ सुधारली, पण एक नवीच खोड घेऊन आली. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ओपनएआयचं व्हिस्पर हे आवाज उतरवणारं यंत्र तपासलं तेव्हा सुमारे एक टक्का आवाजांत त्याने कुणीच न बोललेली वाक्यं घातलेली आढळली. त्यांतली ३८ टक्के कुठल्या ना कुठल्या प्रकारे हानिकारक होती. बोलणारा मध्येच जास्त वेळ थांबला की ही भर अधिक पडत होती. यंत्राला शांतता सहन झाली नाही, तिथे त्याने शब्द ओतले. डोंबिवलीतल्या क्वालिटी एडिटरने जी जागा रिकामी ठेवली असती, ती यंत्राने सफाईदार इंग्रजीत भरून टाकली. आणि सफाईदार वाक्यातली चूक शोधणं अडखळत्या वाक्यातल्या चुकीपेक्षा कितीतरी कठीण असतं. डोळा तिच्यावरून घसरून जातो.

म्हणून आज ट्रान्सक्रिप्शन शिकायचंच असेल तर ते संपादनाच्या तयारीने शिकावं: मसुदा वाचत आवाज ऐकायचा आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे थांबायचं. हेच ज्ञान पुढे मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे अहवालातल्या निदानांना ठरलेले संकेत देण्याच्या कामाकडे नेतं. ऐरोलीसारख्या ठिकाणी ट्रान्सक्रिप्शनवाले त्याकडे वळले यात नवल नाही. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेने आयसीडी-१० ही निदानांची वर्गवारी लागू केली आणि सुमारे १४ हजार संकेतांच्या जागी जवळपास ७० हजार आले. डॉक्टरांचा अहवाल वाचून त्यांतला अचूक संकेत निवडणाऱ्यांची मागणी वाढली. एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा त्यासाठी ओळखली जाते: चार तास, १०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. ज्याने वर्षभर शस्त्रक्रियेचे अहवाल ऐकून उतरवले आहेत, त्याला त्यातलं शरीरशास्त्र नव्याने शिकावं लागत नाही. कोडिंगलाही यंत्राची झळ लागतेच आहे, पण तिथे निर्णयाचा वाटा मोठा आहे.

घराजवळचं कामही विसरू नये. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोनोग्राफी, एमआरआय आणि पॅथॉलॉजी केंद्रांत रेडिओलॉजिस्ट किंवा पॅथॉलॉजिस्ट बोलतो आणि कुणीतरी अहवाल टाइप करतो. त्या टायपिस्टला बहुधा कुणीच काही शिकवलेलं नसतं. जुन्या अहवालाची प्रत काढून नाव आणि मापं बदलायची, एवढंच प्रशिक्षण. जुन्या प्रतीतलं डावं मूत्रपिंड नव्या रुग्णाच्या अहवालात तसंच राहून जाण्याचा धोका तिथे रोजचा आहे. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे असे कागद आता रुग्णाच्या ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याला जोडले जाऊ लागलेत, म्हणजे चूक एका फाइलीत न राहता पुढच्या प्रत्येक डॉक्टरपर्यंत जाईल. शिकलेला कान आणि तयार डोळा असलेल्या माणसांची गरज इथे, आपल्याच गल्लीत आहे. तो पगार आज अमेरिकी कामाइतका नाही हे खरं. केंद्रचालकांनी तो वाढवावा असं म्हणायला मात्र पुरेशी कारणं आहेत.

फी भरण्याआधी महिनाभराचा एक प्रयोग घरच्या घरी करता येतो. रोज तासभर ओपनस्टॅक्सचं एक प्रकरण आणि एमटीसॅम्पल्सवरचे त्याच अवयवाचे दोन अहवाल वाचायचे. अडलेला प्रत्येक शब्द कोशात पाहायचा, त्याचा उच्चार मोठ्याने म्हणायचा. मग घरातल्या कुणाला तरी एखादा अहवाल मोबाइलवर घाईघाईत वाचून रेकॉर्ड करायला सांगायचं, तो उतरवायचा आणि मूळ प्रतीशी ताडायचा. ऐकू न आलेले शब्द अंदाजाने भरले की मोकळे सोडले, हे वेगळ्या रंगाच्या पेनाने मोजायचं. चौथ्या आठवड्यात भरलेल्या चुकीच्या शब्दांची संख्या खाली आलेली असेल आणि शस्त्रक्रियेचा अहवाल वाचताना कंटाळ्याऐवजी पुढे काय केलं असेल याची उत्सुकता वाटत असेल, तर कोर्सच्या चौकशीला लागायला हरकत नाही.